अपंगत्व पेन्शनचा दावा रखडलाय : फाइल नेमकी कोणत्या टेबलावर आहे?

गारवेल:
मामांच्या फाइलबद्दल विचारतेय. मुद्देच देते. तोफखान्यात हवालदार, २४ वर्षं सेवा, ३१ मार्च २०२१ ला मुदत पूर्ण करून घरी. शेवटचं वेतन मूळ पगार, एमएसपी (लष्करी सेवा वेतन) आणि वर्गभत्ता धरून साधारण ५०,००० रुपये. जाताना रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे सेवा सोडतानाची वैद्यकीय तपासणी, झाला : रक्तदाब ३० टक्के, दोन्ही कानांचं ऐकू कमी २० टक्के, एकत्रित ४० टक्के, आयुष्यभरासाठी. साधी पेन्शन सुरू आहे, अपंगत्वाची नाही. जुलै २०२१ मध्ये रेकॉर्ड ऑफिसचं नकाराचं पत्र आलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिलं अपील पाठवलं. त्यानंतर तीन स्मरणपत्रं, शेवटचं २०२४ मध्ये. उत्तर नाही. पुढे काय करायचं? आणि ४० टक्के लिहूनही नकार कसा?

दफ्तरखाना:
ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण निम्मे लोक तिथेच फसतात. बोर्डाच्या कागदात, म्हणजे एएफएमएसएफ-१६ मध्ये, टक्केवारीच्या रकान्यांच्या शेवटी आणखी एक रकाना असतो : 'अपंगत्व पेन्शनसाठी पात्र निव्वळ टक्केवारी'. तिथे बहुतेक 'निल' लिहिलेलं सापडेल. ४० टक्के अपंगत्व आहे हे बोर्डाने मान्य केलं, पण ते सेवेमुळे झालं नाही आणि सेवेने वाढलंही नाही असं मत दिलं. याच शेऱ्याला सगळे 'नाना' म्हणतात. तो एकदा बसला की टक्केवारी कितीही असो, रेकॉर्ड ऑफिस दावा नाकारतं. पेन्शनला दोन्ही अटी लागतात : किमान २० टक्के, आणि सेवेशी संबंध.

म्हणून मामांची केस निव्वळ उशिराची नाही. नकार आहे, आणि नकारावरचं अपील अडकलंय. बोर्डाने संबंध मान्य केलाय पण पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, निघत नाही, तो उशीर वेगळा. पीपीओ निघालाय पण स्पर्शमध्ये, म्हणजे संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत, रक्कम दिसत नाही, तो तिसरा. निकाल लागलाय पण अंमल नाही, तो चौथा. चारही ठिकाणी अर्ज वेगळा आणि पत्ता वेगळा. सगळीकडे एकच 'माननीय महोदय, माझी पेन्शन लवकर द्यावी' पाठवलं तर ते पत्र प्रत्येक टेबलावरून 'संबंधित विभागाकडे' जात राहतं.

चकमक:
पीजी पोर्टलवर, केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, तक्रार टाका. आता २१ दिवसांत निकाली काढायचा नियम आहे. एवढं सगळं कशाला?

दफ्तरखाना:
ती तक्रार तिसऱ्या प्रकारात चांगली चालते. रक्कम कमी जमा झाली, दुरुस्तीचा पीपीओ निघाला नाही, हयातीचा दाखला देऊनही पेन्शन थांबली, असं काही असेल तर जरूर टाका. 'नाना' हटवायचा अधिकार त्या पोर्टलला नाही. उत्तर येईल, 'अपील विचाराधीन आहे', आणि तक्रार निकाली निघेल. मामांच्या बाबतीत उपयोग एकच : अपील विचाराधीन आहे असं लेखी मिळालं तर तो कागद पुढे कामाला येतो. जपून ठेवा.

मुक्काम_पोस्ट:
अपील पोचलंच नाही, असंही असू शकतं. पहिलं अपील जातं लष्कर मुख्यालयातल्या पहिल्या अपिलाच्या समितीकडे, पण वाट रेकॉर्ड ऑफिसमधून. रेकॉर्ड ऑफिस त्याला सेवेचे कागद, बोर्डाची मूळ प्रत आणि आपला अभिप्राय जोडून वर पाठवतं. अडकण्याच्या नेहमीच्या जागा सांगतो. अपिलावर सही नसते, मुलाने 'वडिलांच्या वतीने' केलेली असते. नकारपत्राची प्रत जोडलेली नसते. सेवा नंबराचं शेवटचं अक्षर चुकलेलं असतं, आणि त्या एका अक्षरामुळे फाइल जुळत नाही. पत्ता बदललेला असतो, म्हणून त्रुटीचं पत्र जुन्या गावी जाऊन परत आलेलं असतं. आणि सर्वात जास्त वेळा, रुग्णालयातून उपचाराचे कागद मागवलेले असतात आणि ते आलेले नसतात.

हे स्मरणपत्राने कळणार नाही. माहिती अधिकाराने कळतं. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून अर्ज रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला आहे. 'पेन्शन का दिली नाही' असं विचारू नका. 'का' ही माहिती होत नाही, त्यावर अर्ज फेटाळता येतो. कागद मागा :

१. अमुक तारखेच्या अपिलाची आवक नोंद क्रमांक आणि तारीख.
२. ते वरच्या समितीकडे कोणत्या पत्र क्रमांकाने, कोणत्या तारखेला पाठवलं, त्या पत्राची प्रत.
३. त्या अपिलाच्या फाइलवरच्या टिपण्यांची छायाप्रत.
४. एएफएमएसएफ-१६ ची सर्व पानांची साक्षांकित प्रत, तज्ज्ञ डॉक्टरांच्या मतासह.
५. भरती वेळच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदाची प्रत.
६. सर्व पोस्टिंगचा तक्ता : ठिकाण, कधीपासून कधीपर्यंत, फील्ड (सीमेवरची किंवा मोहिमेवरची तैनाती) की पीस (शांततेच्या ठिकाणची).

३० दिवसांत उत्तर. न आल्यास किंवा अर्धवट आल्यास पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे, आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे. पाचवा आणि सहावा मुद्दा लोक विसरतात. केस त्या दोन कागदांवर उभी राहते. अर्ज मामांच्याच नावाने आणि सहीने करा. तुमच्या नावाने केलात तर त्रयस्थाची वैद्यकीय माहिती म्हणून नकार ठरलेला.

स्टेथोस्कोप:
बोर्डाचा कागद हातात आला की तो कसा वाचायचा ते सांगतो.

आधी पाहा 'सुरुवात कधी आणि कुठे' हा मजकूर. रक्तदाबाच्या बाबतीत बोर्डाचं ठरलेलं वाक्य असतं : 'सुरुवात पीस स्टेशनवर, फील्ड किंवा अतिउंचीवरील सेवेशी निकट संबंध नाही.' पण बोर्ड जी तारीख घेतो ती बहुधा निदानाची असते, आजार सुरू झाल्याची नसते. जवान फील्डमधून पीसला येतो, तिथे वार्षिक तपासणीत रक्तदाब सापडतो, आणि कागदावर पीस स्टेशन लागतं. म्हणून पोस्टिंगचा तक्ता निदानाच्या तारखेशेजारी ठेवा. आधीच्या वर्षा-दोन वर्षांत फील्ड, अतिउंची किंवा बंडखोरीविरोधी तैनाती असेल तर अपिलात तो मुद्दा तारखांसह पहिल्याच परिच्छेदात यायला हवा. निदानानंतर पुन्हा फील्डला पाठवलं असेल तर 'सेवेने वाढला' हा मुद्दाही उभा राहतो. अपील करणारे तो जवळजवळ कधीच लिहीत नाहीत.

कानांचं त्याहून सोपं असायला हवं. तोफखाना आहे. भरतीच्या वेळी कान ठीक होते, २४ वर्षं तोफांजवळ काढली, आणि जाताना दोन्ही कानांची ऐकण्याची क्षमता घटली. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, मागवा. आवाजाने झालेल्या बिघाडात आलेख ४,००० हर्ट्झच्या आसपास खाली जातो आणि पुढे थोडा वर येतो, बहुधा दोन्ही कानांत सारखाच. वयाने येणाऱ्या बहिरेपणात तो वरच्या पट्टीत उतरतच जातो. बोर्डाने हा फरक न सांगता नुसतं 'नाना' लिहिलं असेल तर मताला कारण दिलेलं नाही, असं ठामपणे म्हणता येतं.

आणि एक. ३० आणि २० मिळून ५० होत नाहीत. पहिल्या आजाराने ३० टक्के क्षमता गेली, उरली ७०. दुसऱ्याचे २० टक्के त्या ७० वर धरले तर १४. बेरीज ४४, ती पूर्ण दहात बसवून बोर्डाने ४० लिहिलं. इथे बोर्ड चुकलेला नाही. त्यावर भांडण्यात अपिलाचं पान घालवू नका.

गारवेल:
पोस्टिंगचं मामांना तोंडपाठ आहे. निदान २०१७ चं, पीस स्टेशनवरचं. त्याआधी अडीच वर्षं फील्ड.

स्टेथोस्कोप:
तोंडपाठ चालत नाही, तक्ता मागवाच. रेकॉर्डला ज्या तारखा आहेत त्याच धरल्या जातात. मात्र तक्त्यात आणि डिस्चार्ज बुकात तफावत आढळली तर अपिलात दोन्ही जोडा आणि फरक स्वतःहून दाखवा.

वाळूचं_घड्याळ:
आता कायद्याचं, कारण इथे पैसे जातायत.

सशस्त्र सेना न्यायाधिकरण कायदा २००७. कलम २१ म्हणतं, खात्यातले उपाय आधी वापरा. पण त्यातच सोय आहे : अपील किंवा निवेदन दिल्यावर सहा महिन्यांत अंतिम आदेश आला नाही तर उपाय संपले असं धरता येतं. कलम २२ म्हणतं, अंतिम आदेश आल्यापासून सहा महिन्यांत न्यायाधिकरणात या. आदेशच आला नसेल तर ते वाट पाहण्याचे सहा महिने संपल्यापासून पुढच्या सहा महिन्यांत. मामांचं अपील नोव्हेंबर २०२१ चं. मे २०२२ मध्ये वाट पाहण्याची मुदत संपली, नोव्हेंबर २०२२ मध्ये दाखल करण्याची. स्मरणपत्राने हे घड्याळ थांबत नाही आणि नव्याने सुरूही होत नाही. तीन स्मरणपत्रं पाठवली म्हणजे आपण केस जिवंत ठेवली, हा समज सगळ्यात महाग पडतो.

मुदत गेली म्हणजे दार बंद, असं मात्र नाही. पेन्शन दर महिन्याला देय होते, म्हणजे अन्याय चालू राहणारा आहे. सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग प्रकरणात २००८ मध्ये हे मांडलं, आणि उशीर माफ करण्याच्या अर्जासोबत अशी प्रकरणं ऐकली जातात. पण त्याच निकालात थकबाकी मागच्या तीन वर्षांपुरती ठेवली गेली, आणि न्यायाधिकरणाच्या अनेक आदेशांत तीच मर्यादा लागते.

आकडे मांडतो. १०० टक्क्यांना पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग म्हणजे शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. ५०,००० वर १५,०००. ४० टक्क्यांचे ६,०००. पूर्णांकन, म्हणजे टक्केवारी वरच्या टप्प्याला नेणं, लागून ५० टक्के धरले तर ७,५००, वर महागाई सवलत वेगळी. म्हणजे सवलत सोडूनच वर्षाला ९०,०००. वेळेत गेलं तर एप्रिल २०२१ पासून सगळं मागता येतं. तीन वर्षांची मर्यादा लागली तर दाखल करायला जितके महिने उशीर, तितके ७,५०० मागच्या टोकाने गळत जातात.

चकमक:
पूर्णांकन आपोआप लागतं ना? ४० चे ५०?

वाळूचं_घड्याळ:
आपोआप काही लागत नसतं हो. ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, ७६ ते १०० असेल तर १००, हा नियम संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रातला, १ जानेवारी १९९६ पासून लागू. पत्रात तो सेवेतून वैद्यकीय कारणाने काढलेल्यांनाच होता. मुदत पूर्ण करून गेलेल्यांनाही तो द्यावा, हे राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ च्या निकालाने ठरलं. म्हणून अर्जाच्या मागणीत दोन वेगळी वाक्यं हवीत : अपंगत्वाचा भाग द्या, आणि तो ४० ऐवजी ५० टक्के धरून द्या. दुसरं वाक्य राहिलं तर आदेश ४० चा येतो आणि उरलेल्या दहासाठी पुन्हा पहिल्यापासून.

आणि २१ सप्टेंबर २०२३ किंवा त्यानंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांनी इथलं वाचून थेट गणित करू नये. त्यांना २०२३ चे पात्रता नियम लागू आहेत, आणि 'इम्पेअरमेंट रिलीफ' हा शब्द, म्हणजे अपंगत्वाच्या भागाचं नवं नाव, तिथूनच आलाय. मामा २०२१ चे, म्हणजे २००८ च्या नियमांतले.

पाऊलवाट:
दुसऱ्या अपिलाचं काय? ते न करता थेट न्यायाधिकरणात गेलं तर परत पाठवतात का?

वाळूचं_घड्याळ:
पहिल्या अपिलावर नकार आला असता तर सहा महिन्यांत दुसऱ्या अपिलाच्या समितीकडे जाणं सरळ होतं. इथे पहिल्याचाच पत्ता नाही. सहा महिने उलटून गेल्यावर उत्तर न मिळालेल्या अपिलावर थेट जाता येतं, कलम २१ त्यासाठीच आहे. फक्त अपील पोचल्याचा पुरावा लागतो. स्पीड पोस्टची पावती आणि पोच, किंवा माहिती अधिकारात मिळालेली आवक नोंद. यातलं काहीच नसेल तर सरकारी वकील पहिल्याच तारखेला म्हणतो, 'अपील मिळालेलंच नाही', आणि महिने जातात.

मुक्काम_पोस्ट:
पोचपावतीवरची शाई उन्हात उडते. थर्मल प्रिंट असते. त्याच दिवशी छायाप्रत काढा आणि वेबसाइटवरची 'वितरित' नोंद छापून ठेवा. टपाल खात्याच्या साइटवर जुन्या नोंदी कायम राहत नाहीत.

वाळूचं_घड्याळ:
आता निकालांबद्दल. इथे लोक वीस-वीस निकाल जोडतात, तेवढे कोणी वाचत नाही. मामांना दोन पुरेत. एक, धरमवीर सिंग, २ जुलै २०१३. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा तंदुरुस्त होता असं धरायचं, आजार सेवेशी संबंधित नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाला उलट मत द्यायचं तर कारण लिहावं लागतं. म्हणून वर पाचव्या क्रमांकाचा कागद मागायला सांगितला. दुसरा, राम अवतार, पूर्णांकनासाठी. बस.

धरमवीर सिंग म्हणजे रामबाण नव्हे, हेही सांगतो. बोर्डाने खरोखर कारण लिहिलं असेल, उदाहरणार्थ वजन मर्यादेपेक्षा खूप जास्त, व्यसनाची नोंद, घरात आनुवंशिक आजार, तर निकालाचं नाव घेऊन चालत नाही. त्या कारणाला उत्तर द्यावं लागतं. मामांच्या वजनाच्या नोंदी पाहून घ्या. रक्तदाबाच्या केस बरेचदा तिथे पडतात आणि कानांवरच पेन्शन मिळते. इथे एकट्या कानांचे २० टक्के आहेत, म्हणजे किमान अट तेवढ्यानेही पूर्ण होते. मागणी लिहिताना 'एकत्रित ४०, आणि पर्यायाने किमान कानांचे २०' असं लिहा. पूर्णांकन मिळालं तर २० चेही ५०च होतात, गंमत आहे, पण आहे.

गारवेल:
वजनाचं विचारलंच नव्हतं कोणी. बघते.

रिकामी_जागा:
एक वेगळी केस. रिक्रूट, प्रशिक्षणात गुडघा गेला, १५ टक्के म्हणून बोर्ड आउट केलं, म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवेतून काढलं, २० च्या खाली म्हणून पेन्शन नाही. काही होतं का?

वाळूचं_घड्याळ:
होऊ शकतं. सुखविंदर सिंग, जून २०१४. सेवेतून काढण्याइतकं अपंगत्व असेल तर ते २० टक्क्यांपेक्षा जास्तच धरायचं, असं न्यायालयाने म्हटलंय. बोर्ड आउट आणि मुदत पूर्ण करून जाणं यातला हा मोठा फरक. बोर्ड आउट झालेल्याला अपंगत्वाच्या भागासोबत सेवेचा भागही मिळतो, किमान सेवेची अट न लावता. इजेचा अहवाल आयएएफवाय-२००६ भरला होता का, हे आधी पाहा. तो नसेल तर प्रशिक्षण केंद्राच्या रुग्णालयातली दाखल नोंद मागवा.

दफ्तरखाना:
आणि ते लगेच करा. पेन्शन नसलेल्या जवानांची कागदपत्रं सेवा संपल्यावर २५ वर्षांनी नष्ट केली जातात. पेन्शन असलेल्यांची ५० वर्षं राहतात. रिक्रूटला पेन्शन नाही, म्हणजे त्याचं दफ्तर लवकर जाळलं जातं. 'कागद नष्ट' असं उत्तर आलंच तर नष्ट केल्याच्या आदेशाची आणि नोंदवहीच्या पानाची प्रत मागा. कधी कधी त्यानंतर कागद सापडतात.

पाऊलवाट:
रजेवर असताना मोटारसायकलचा अपघात झाला तर?

दफ्तरखाना:
रजेवर घरी जाताना किंवा रजेहून युनिटला परतताना, अधिकृत प्रवासात असेल, तर नियमांत तो कामावरचा धरला जातो. रजेत गावातल्या बाजाराला जाताना झाला तर सेवेशी संबंध दाखवावा लागतो, आणि ते बहुतेकदा जमत नाही. रजेचा दाखला, तिकीट किंवा प्रवासाचं वॉरंट, पोलीस पंचनामा आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचं (लष्करी चौकशीचं) मत हे चार कागद एकाच वाटेकडे आणि एकाच तारखेकडे बोट दाखवतायत का, ते बघा. एका कागदात रात्री १० आणि दुसऱ्यात सकाळी १० असं असलं की फाइल तिथेच थबकते.

सांजवात:
सासऱ्यांना १९८७ मध्ये बोर्ड आउट केलं होतं. बोर्डाने ३० टक्के, सेवेमुळे, असं लिहिलं होतं. पण अलाहाबादहून नकार आला. ते वारले. सासूबाईंना काही करता येईल?

वाळूचं_घड्याळ:
ही केस मामांपेक्षा मजबूत आहे. त्या काळी अलाहाबादच्या पेन्शन कार्यालयातले वैद्यकीय सल्लागार रुग्णाला न तपासता, कागदावरच बोर्डाचं मत फिरवायचे. सर्वोच्च न्यायालयाने सॅपर मोहिंदर सिंग प्रकरणात १४ जानेवारी १९९३ ला सांगितलं की तपासणी न करता बोर्डाचं मत बदलता येत नाही. सासूबाई वारस म्हणून पतीच्या हयातीतली थकबाकी मागू शकतात. कौटुंबिक पेन्शन मिळतेय का, आणि ती कोणत्या प्रकारची, हेही तपासा. कागद : बोर्डाची प्रत, नकारपत्र, मृत्यू दाखला, वारस असल्याचा दाखला, पीपीओ असल्यास त्याची प्रत. नकारपत्र हरवलं असेल तर रेकॉर्ड ऑफिस आणि प्रयागराजचं कार्यालय, दोन्हीकडे माहिती अधिकार लावा. एकीकडे नसतं ते दुसरीकडे असतं.

सांजवात:
वकिलाचे पैसे परवडणार नाहीत.

मुक्काम_पोस्ट:
ताई, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली, सैनिक मंडळांच्या कार्यालयांत मोफत कायदेशीर मदतीची सोय त्यात आहे. तुमच्या जिल्ह्यात बसणारं कोणी नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात थेट अर्ज द्या. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मदत मिळते. महाराष्ट्रातली प्रकरणं न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात चालतात. मिळणाऱ्या थकबाकीत टक्का मागणाऱ्यांपासून लांब राहा. वकिलाने असा सौदा करणं नियमाबाहेर आहे, आणि दलालाला तर कुठलाच नियम नाही.

रिकामी_जागा:
आदेश आपल्या बाजूने आला तरी वर्षभर काही होत नाही असं ऐकलंय.

वाळूचं_घड्याळ:
आदेशात बहुधा मुदत दिलेली असते, आणि ती चुकली तर व्याज, बऱ्याच आदेशांत ८ टक्के. आदेशाची प्रमाणित प्रत मिळाल्याच्या आठवड्यातच स्वतः रेकॉर्ड ऑफिसला पाठवा, सरकारी वकिलाच्या भरवशावर राहू नका. मुदत प्रत मिळाल्यापासून मोजायची असते, म्हणून 'प्रतच मिळाली नाही' हे हमखास उत्तर. मुदत संपली की अंमलबजावणीचा अर्ज त्याच खंडपीठात. अर्जाची तारीख लागली की कार्यालय बहुतेक वेळा 'सशर्त मंजुरी' काढतं, म्हणजे पुढच्या आव्हानाच्या निकालावर अवलंबून पेन्शन. ती घ्या, नाकारू नका. मार्च २०२३ च्या परशोतम दास निकालानंतर न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट चालते, त्यामुळे सरकार तिथे जाऊ शकतं. पण नुसती रिट दाखल झाली म्हणजे स्थगिती मिळाली असं होत नाही. स्थगितीचा आदेश दाखवा म्हणावं.

मुक्काम_पोस्ट:
मंजुरीनंतरचा शेवटचा अडथळा स्पर्श. रेकॉर्ड ऑफिस डेटा भरतं, वेतन लेखा कार्यालय तपासतं, प्रयागराज पीपीओ काढतं. आधारवरचं नाव आणि सेवेतलं नाव वेगळं असलं, जन्मतारखेत एक दिवसाचा फरक असला, बँकेचं विलीनीकरण होऊन कोड बदललेला असला, तर तिथे अडकतं. म्हणून आदेश यायच्या आधीच लॉगिन करून आपली माहिती पडताळून ठेवा. हयातीचा दाखला चालू आहे का तेही पाहा. तो राहिला असेल तर थकबाकी मंजूर होऊनही खात्यात येत नाही. जमा झाल्यावर हिशेबाचा तक्ता मागा. टक्केवारी ५० धरलीय का, कोणत्या तारखेपासून, महागाई सवलत प्रत्येक सहामाहीच्या दराने लागलीय का, आणि व्याज. चौथी गोष्ट हमखास राहिलेली असते.

स्टेथोस्कोप:
ज्यांची टक्केवारी १०० आहे त्यांनी सोबत्याचा, म्हणजे सतत मदतनीस ठेवण्यासाठीचा, भत्ता तपासावा, सातव्या वेतन आयोगात दरमहा ६,७५० रुपये होता. बोर्डाने 'सतत मदतीची गरज' असं वेगळं लिहावं लागतं. टक्केवारीवरून तो आपोआप मिळत नाही.

आणि मामांच्या संदर्भात : आजार वाढलाय म्हणून पुन्हा बोर्ड मागायचा मोह होईल. ७ फेब्रुवारी २००१ च्या पत्रानंतर कायम स्वरूपाच्या अपंगत्वाचा पुनर्बोर्ड होत नाही, जवानाने स्वतः मागितला तरच होतो. 'नाना' हटलेला नसताना तो मागू नका. वाढलेली टक्केवारीही 'निल'च्याच रकान्यात जाऊन बसेल, आणि कमी निघाली तर कानांचे २० खाली येण्याचा धोका आहे.

गारवेल:
सगळ्यांना धन्यवाद. माहिती अधिकाराचा अर्ज मामांच्या सहीने आज टाकला, सहाही मुद्दे. नोव्हेंबर २०२१ च्या अपिलाची पोचपावती सापडली, पण शाई पूर्ण उडालीय. आता?

मुक्काम_पोस्ट:
फेकू नका. पावतीमागे किंवा कोपऱ्यात बारकोडखाली छापलेला तेरा अक्षरांचा क्रमांक तिरप्या उजेडात कधी कधी वाचता येतो. तो मिळाला तर अर्जाला पुरवणी म्हणून कळवा. नाहीच वाचता आला तर अडू नका, तुमच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर तेच काम करेल. आणि दोन्ही हुकलं तर २०२४ च्या स्मरणपत्राची पोच आहे का ते बघा. त्यात आधीच्या अपिलाची तारीख लिहिलेली असेल आणि त्यावर कोणी 'असं अपील आलंच नाही' म्हटलं नसेल, तर वकिलाला तेवढंही पुरतं.

वाळूचं_घड्याळ:
मात्र उत्तराची वाट पाहत वकिलाकडे जाणं लांबवू नका. अर्जाचा मसुदा आणि उशीर माफीचा अर्ज आजच लिहायला घ्या. माहिती अधिकाराचं उत्तर नंतर जोडपत्र म्हणून लावता येतं. उशिराचं कारण लिहिताना 'अज्ञानामुळे' एवढंच नको. अपील कधी पाठवलं, स्मरणपत्रं कोणकोणत्या तारखांना गेली, उत्तर कधीच आलं नाही, हे तारखांनिशी लिहा.

गारवेल:
स्मरणपत्रांच्या तीनही पावत्या आहेत. त्यातल्या दोन वाचता येतायत.

वाळूचं_घड्याळ:
दोन्हींच्या छायाप्रती आजच काढा.